लाल आधी जातो

कोल्हापूरच्या आमच्या घरी सोप्यातल्या भिंतीवर चाळीसहून अधिक वर्षं एका हिंदी सिनेमाचं पोस्टर होतं. तीस इंच बाय चाळीस इंच, म्हणजे आपल्याकडच्या पोस्टरांचा ठरलेला आकार. आजोबा एका चित्रपट-वितरकाच्या कचेरीत कारकून होते. मुंबईहून रेल्वे पार्सलनं फिल्मचे डबे यायचे आणि सोबत पोस्टरांच्या गुंडाळ्या. सिनेमा उतरला की उरलेली पोस्टरं रद्दीत जायची. त्यातलं एक आजोबांनी घरी आणलं, खळ करून कापडावर चिकटवलं, काच लावून चौकट करून घेतली आणि पूर्वेच्या खिडकीसमोर टांगलं. घरात येणाऱ्याला ते आधी दिसावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

सिनेमाचं नाव इथे देत नाही. दिलं तर वाचक लगेच त्याची चित्रं शोधतील, आणि तिथेच घोळ आहे. मी ती शोधली आहेत. एकाच पोस्टरच्या पाच-सहा छायाचित्रांत नायिकेच्या साडीचा लाल रंग पाच-सहा प्रकारचा दिसतो: कुठे नारिंगी, कुठे गुलाबी, कुठे विटकरी, कुठे जवळपास करडा. त्यातला खरा कोणता, हे ती चित्रं सांगू शकत नाहीत.

माझ्या लहानपणीच्या आठवणीत हे पोस्टर निळं आहे. नायकाचा चेहरा निळसर हिरवा, आकाश निळं, साडीही राखाडी निळी. आई म्हणायची, "साडी लाल होती. अगदी लाल." मला वाटायचं, आईच्या तरुणपणाबरोबर तो रंगही तिच्या मनात अधिक गडद होत गेला असेल. पुढे जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना स्मृती आणि पाठभेद यांविषयी बरंच वाचलं आणि आईच्या लाल रंगाला मी मनातल्या मनात 'पाठभेद' म्हणायला लागले. ती बरोबर होती हे कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली.

काही वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचा होता म्हणून पोस्टर उतरवलं. खालचा कोपरा कसरीनं खाल्ला होता, मधल्या घडीवर कागद तुटला होता. मी ते एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिलं. "नव्यासारखं करून देतो," असं दुकानदार म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. पोस्टर परत आलं तेव्हा साडी लालभडक झाली होती, नायकाच्या गालावर रक्त आलं होतं, आकाश एकसारखं निळं होतं. आई खूश झाली. मलाही पहिली पाच मिनिटं बरंच वाटलं.

मग मी सवयीनं नाव वाचायला गेले. त्या काळच्या हिंदी पोस्टरांवर सिनेमाचं नाव तीन लिप्यांत असायचं: रोमन, देवनागरी आणि उर्दू. मी हैदराबादला राहते आणि उर्दूतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे माझी नजर उजवीकडून डावीकडे आपोआप जाते. नावात 'ज़े' हे अक्षर होतं. 'ज़े'वरचा नुक्ता काढला की 'रे' उरतं. रंगवणाऱ्याला उर्दू येत नसणार. तो टिंब त्याला डाग वाटला आणि त्यानं त्यावर पार्श्वभूमीचा पिवळा रंग फिरवला. सिनेमाचं नाव आता कुठल्याच भाषेत काही अर्थ न होणारा शब्द झालं होतं.

एका टिंबामुळे माझा साऱ्याच दुरुस्तीवरचा विश्वास उडाला. ज्याला टिंब कळलं नाही, त्याला साडी कशी कळली असेल? गाल कसा कळला असेल? तिथून मी या विषयात शिरले, आणि सुरुवात करावी लागली ती या पोस्टरांत मुळात रंग आले कुठून, या प्रश्नापासून.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा त्याची जाहिरात मुख्यतः शब्दांची होती. सिनेमा चित्रांचा आणि जाहिरात मजकुराची, असा तो काळ. चित्रमय पोस्टरची गोष्ट निघाली की कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव घ्यावं लागतं. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांत गणलं जातं. पडदा रंगवणारा हात सिनेमाच्या जाहिरातीकडे वळला आणि आपल्या पोस्टराची भाषा ठरली: मोठे चेहरे, नाटकी प्रकाश, भरघोस रंग.

हे रंग कागदावर उतरवायचं तंत्र तोवर मुंबईत रुळलं होतं. आलॉइस झेनेफेल्डर यानं अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात शिळाछपाई शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त तेलकट रेषांना धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्यासाठी यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती या तंत्रानं छापल्या गेल्या, आणि सिनेमाचं पोस्टर त्याच घराण्यातलं. दगडाच्या जागी जस्ताचे पत्रे आले, पुढे ऑफसेट आलं, पण एका चित्राचे चार-पाच रंगांत तुकडे करून ते एकावर एक छापायचे, हे तत्त्व तेच राहिलं. कितीतरी वर्षं हे तुकडे करण्याचं काम कारागीर हातानं करत. चित्रकाराचं मूळ चित्र पाहून 'इथे पिवळा किती, लाल किती, निळा किती' हे तो ठरवायचा. तोही एक भाषांतरकारच, आणि त्याचं नाव कुठे छापलं जात नसे.

या इतिहासातली एक गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. हे सिनेमे कृष्णधवल होते. प्रभातच्या 'सैरंध्री'च्या (१९३३) रंगीत प्रती काढायला व्ही. शांताराम जर्मनीला गेले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. अर्देशिर इराणींचा 'किसान कन्या' १९३७ साली रंगीत आला, तरी त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं बहुतेक सिनेमे कृष्णधवलच निघत राहिले. म्हणजे नायिकेची साडी पडद्यावर करडीच होती. ती लाल होती फक्त पोस्टरवर. प्रेक्षक थिएटरबाहेर लाल साडी पाहून आत जायचा, तीन तास करडी साडी पाहायचा, आणि घरी जाताना त्याच्या मनात साडी लालच असायची. आईचं तेच झालं होतं. तो रंग सिनेमाच्या रिळात कधीच नव्हता. तो असलाच तर या कागदावर होता.

अनेक सिनेमांच्या बाबतीत तर रीळही उरलेलं नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, आहेत ती छायाचित्रं आणि जाहिरातीचे कागद. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट गेले. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. अशा वेळी पोस्टर हा सिनेमाच्या इतिहासाचा उरलेला दस्तऐवज असतो. तो फिका पडला की साक्षीदाराची साक्षच पुसट होते.

मग लालच आधी का जातो? रंगद्रव्य म्हणजे ठरावीक प्रकाश शोषून घेणारे रेणू. शोषलेला प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ती ऊर्जा हळूहळू रेणूचेच बंध तोडते. बंध तुटला की रेणू तो प्रकाश शोषत नाही, म्हणजे रंग दिसेनासा होतो. पिवळी शाई निळा-जांभळा प्रकाश शोषते, गुलाबीकडची लाल शाई हिरवा, आणि आकाशी निळी शाई लाल प्रकाश शोषते. दृश्य प्रकाशात लाल हा कमी ऊर्जेचा, जांभळा जास्त ऊर्जेचा. निळी शाई टिकते त्याचं हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण रेणूच्या घडणीत आहे. छपाईच्या निळ्या शाईत आधी प्रशियन निळा असे, १९३० च्या दशकानंतर थॅलोसायनीन निळा आला, आणि दोन्ही चिवट. काळी शाई म्हणजे काजळी, निव्वळ कार्बन. प्रकाश तिचं काही बिघडवत नाही. लालांत मात्र बरेच स्वस्त आणि भडक रंग होते, आणि त्यांतले कित्येक अल्पायुषी.

या लालांची कुळकथा १८५६ पासून सुरू होते. त्या वर्षी अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं लंडनमध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत प्रयोगशाळांतून रंगांचा पूर आला. १८७० च्या दशकात इओसिन आला, लखलखीत गुलाबी-लाल. व्हॅन गॉगनं तो वापरला आणि तो आपल्या चित्रांतून उडणार हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या १८८८ सालच्या 'शयनगृह' या चित्रातल्या निळ्या भिंती त्यानं जांभळट रंगवल्या होत्या. तांबडा उडाला, निळा राहिला. आमच्या सोप्यात झालं तेच आर्लच्या त्या खोलीत झालं होतं.

किती प्रकाशात किती रंग उडतो हे मोजायची एक साधी पट्टी आहे. लोकरीचे आठ तुकडे आठ वेगवेगळ्या निळ्या रंगांनी रंगवलेले असतात. पहिला सर्वांत लवकर उडणारा, आठवा सर्वांत टिकाऊ. पट्टीचा अर्धा भाग झाकून ती चित्राशेजारी ठेवायची आणि काही महिन्यांनी झाकलेला व उघडा भाग ताडून पाहायचा. कागदावरच्या नाजूक रंगांसाठी संग्रहालयं सहसा ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवतात. मी आमच्या सोप्याचा हिशेब केला. खिडकीसमोर सरासरी ५०० लक्स, दिवसाचे दहा तास, वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर वर्षाला सव्वाअठरा लाख लक्स-तास होतात. संग्रहालयात ५० लक्समध्ये रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस ठेवलं असतं तर एक लाख वीस हजार. म्हणजे सोप्यातलं एक वर्ष बरोबर संग्रहालयातली पंधरा वर्षं. चाळीस वर्षांत आम्ही त्या पोस्टरला सहाशे वर्षं उजेडात उभं केलं होतं. काचेनं ते वाचलं नाही, कारण साधी काच धूळ अडवते, दृश्य प्रकाश अडवत नाही आणि अतिनील किरणांचाही बराच भाग आत सोडते. शिवाय रंग एकसारख्या वेगानं उडत नाही. सुरुवातीला भराभर उडतो, मग मंदावतो. मी जन्मले तेव्हा बराचसा लाल गेलेला होता. आईनं लाल पाहिलं, मी निळं पाहिलं, आणि दोघी खरं बोलत होतो.

दुसऱ्यांदा पोस्टर घेऊन गेले ते कागदाच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या एका बाईंकडे. त्यांनी आधी एक तास नुसतं पाहिलं. भिंगाखाली मूळ छपाई आणि वरून लावलेला रंग लगेच वेगळे दिसतात. छपाईत कण किंवा ठिपके असतात, ब्रशच्या रंगात नसतात. जुन्या पोस्टरांच्या बाजारात नंतरच्या छपाया मूळ म्हणून खपवल्या जातात, त्याही अशाच भिंगाखाली पकडता येतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी चौकटीची जुनी पट्टी मागितली. चौकट आजोबांच्या हातची म्हणून आईनं ती टाकली नव्हती. चौकटीच्या खाचेत पोस्टरची बोटभर कड झाकलेली राहायची, आणि साडीचा पदर नेमका त्या कडेपर्यंत गेला होता. दुकानातल्या रंगवणाऱ्यानं कडेपर्यंत ब्रश नेला नव्हता.

त्या बोटभर पट्टीत साडीचा खरा रंग होता. तो दुकानाचा टोमॅटोसारखा लाल नव्हता. तो राणी रंगाकडे झुकणारा लाल होता. फोन करून आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हो गं. राणीच. आम्ही त्याला लालच म्हणायचो."

"मग हा वरचा रंग काढता येईल का?" मी बाईंना विचारलं.

"ताई, तुम्हाला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील," त्या म्हणाल्या. "कागदाला जे चिकटलंय ते बरंचसं काढता येतं. कागदातून जे गेलंय ते परत आणता येत नाही."

हे वाक्य मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. पोस्टरचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं, तो ठिसूळ होतो. यावर उपाय आहेत. शाई पाण्याला टिकत असेल तर कागद धुता येतो, कॅल्शियमच्या विरळ द्रावणानं आम्लता उतरवता येते, टिपकागदात दाबून वाळवता येतो, फाटक्या जागी जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावता येते. अमेरिकेत तर पोस्टर कापडावर चढवणं संग्राहकांत रूढच आहे. आजोबांनी घरच्या खळीनं केलं ते याच जातीचं काम, फक्त कसरीला निमंत्रण देणारं. पण उडालेला रंग परत आणणारं औषध नाही. प्रशियन निळ्यावर काढलेल्या जुन्या ब्लूप्रिंट काळोखात ठेवल्या की थोड्या परत गडद होतात, तो एक अपवाद म्हणावा असा प्रकार. बाकी 'रंग पूर्ववत केला' याचा अर्थ नेहमी एकच असतो: कुणीतरी नवा रंग लावला.

मग नवा रंग लावायचा की नाही, किती, कुठे? रोमच्या संवर्धन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी यावर आयुष्य घालवलं, आणि १९६३ साली त्यांचं सिद्धांताचं पुस्तक आलं. त्यांच्या परंपरेत चित्राचा तुकडा जिथे गेला असेल तिथे बारीक उभ्या रेषांनी रंग भरतात. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की भर कुठे घातली ते उघड दिसतं. जिथे मूळ रंग थोडा तरी शिल्लक आहे, तिथे ब्रश टेकवायचा नाही.

वाचताना मला पुणं आठवलं. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. वि. स. सुखटणकरांनी घातलेल्या शिस्तीनुसार, जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. वाचक श्लोक सलग वाचू शकतो, आणि संपादकाला कुठे खात्री नव्हती तेही त्याला दिसतं. ब्रांदींच्या उभ्या रेषा आणि सुखटणकरांची नागमोडी रेघ यांचं काम एकच. त्याहीआधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत तिच्यात इतरांच्या ओव्या आणि चुका शिरल्या होत्या. एकनाथ स्वतः मोठे कवी. ओव्या रचणं त्यांना जड नव्हतं. पण त्यांनी पाठ शुद्ध केला, आणि पुढच्यांनी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद परंपरेनं जपली. ज्याला भर घालता येते त्यानंच ती न घालण्याचं ठरवलं, म्हणून त्या ताकिदीला वजन आहे. भाषांतरात मी हे रोज अनुभवते. मूळ लेखकाची ओळ पुसट वाटते, ती जरा ठसठशीत करावी असा हात शिवशिवतो. केली तर वाचकाला आवडतेही. आईला टोमॅटो लाल आवडला होता तसाच.

आणखी एक वाट आहे. मार्क रॉथ्को या चित्रकारानं १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठासाठी भित्तिचित्रं केली. त्यात त्यानं लिथॉल रेड वापरला. हा मुळात छपाईच्या शाईचा लाल, आमच्या पोस्टरच्याच गोत्रातला. चित्रं भरपूर उजेडाच्या भोजनकक्षात लावली गेली, आणि काही वर्षांत लाल निळसर झाला. १९७९ पर्यंत ती काढून ठेवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा मांडली तेव्हा कॅनव्हासला कुणी हात लावला नाही. जुन्या रंगीत पारदर्शिकांवरून मूळ रंग ठरवले, त्या पारदर्शिकाही फिक्या पडल्या होत्या, त्या आधी संगणकावर सुधाराव्या लागल्या. मग प्रोजेक्टरनं चित्राच्या प्रत्येक बिंदूवर जेवढा रंग कमी आहे तेवढाच रंगीत प्रकाश टाकला. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत आणि खरी, फिकी चित्रं समोर उरत. ज्या प्रकाशानं रंग नेला त्याच प्रकाशानं तो रोज काही तास उसना आणला जात होता, आणि पाहणाऱ्यांपासून काही लपवलं जात नव्हतं.

आमच्याकडे प्रोजेक्टर नव्हता, निर्णय मात्र करायचा होता. बाईंनी साडीच्या एका कोपऱ्यात, दाण्याएवढ्या जागी, ओलसर कापूस टेकवला आणि टिपकागद दाबला. टिपकागदावर टोमॅटो लाल उमटला, आणि त्याच्या कडेला फिकट गुलाबी. वरचा रंग निघत होता, पण त्याच्याबरोबर खाली शिल्लक राहिलेली मूळ शाईही सुटत होती. खोटं काढायला गेलं तर उरलंसुरलं खरंही जाणार. बाई थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. पोस्टर माझं, निर्णय माझा.

मी दोन दिवस घेतले. आईशी बोलले. शेवटी ठरलं ते असं. साडीला हात लावायचा नाही, ती दुकानाच्या लाल रंगाखाली राहू द्यायची. पुढे कधी पाण्याशिवाय वरचा थर उचलायची रीत कुणाला सापडली तर ती व्यक्ती ठरवेल. गालांचंही तसंच. पण नाव मोकळं करायचं. उर्दू अक्षरं काळ्या शाईत होती आणि काळी शाई पाण्याला दाद देत नव्हती. बाईंनी सुईच्या टोकाएवढ्या कापसानं, तासभर, 'रे'वरचा पिवळा रंग टिपून घेतला. नुक्ता खाली तसाच होता. मी पुन्हा नाव वाचलं, उजवीकडून डावीकडे, आणि ते वाचता आलं.

मग त्यांनी पोस्टरचा मोठा स्कॅन घेतला. त्या बोटभर कडेवरचा राणी रंग मोजून संगणकावर साडी त्या रंगाची केली. गालांचा पुरावा कडेवर नव्हता, म्हणून गाल आम्ही निळसरच ठेवले. तो छापील कागद आता सोप्यात आहे, खिडकीसमोर. तो फिका पडला तर पुन्हा छापता येईल. मूळ पोस्टर आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत सपाट ठेवलं आहे, अंधारात.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असं काही असेल तर एवढं सांगते. ते खिडकीसमोरून काढा, आजच काढा, कारण पुढच्या उन्हाळ्यात जाणारा रंग अजून तुमच्याकडे आहे. चौकट बदलाल तर जुनी चौकट आणि झाकलेली कड नीट पाहून घ्या, छायाचित्र काढून ठेवा. ओलसर भिंतीवर टांगू नका, चिकटपट्टी लावू नका. कुणी "नव्यासारखं करून देतो" म्हणालं, तर आधी विचारा की नंतर ते काढता येईल का. आणि दुरुस्ती करून घेतलीत, तर काय केलं ते मागच्या बाजूला लिहा, म्हणजे विकत घेणाऱ्याला किंवा नातवंडांना ते कळेल.

आमच्या पोस्टरसोबतच्या कागदावर मी पेन्सिलनं लिहिलं आहे: 'साडी आणि चेहरे नंतर रंगवलेले, मूळ नव्हेत. उजव्या कडेची बोटभर पट्टी मूळ. उर्दू नावातला नुक्ता मूळ.' खाली तारीख आणि सही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भिंतीवरच्या छापील कागदामागंही लिही की, हे नवं आहे म्हणून. उद्या तुझ्या पोरांना वाटायचं, आजोबांनी आणलेलं हेच." तेही लिहिलं.